घंटी हरवलेल्या बैलाचा अल्बम

अल्बम हा शब्द मी मंगळवारी सकाळी पारावर उच्चारला आणि शुक्रवारी माझा मेव्हणा संतराम शिरड शहापूरहून जीपभर माणसं घेऊन माझ्या दारात उभा राहिला. जीपमध्ये नऊ माणसं होती. मी चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, माणसं मोजण्यात माझी चूक होत नाही. बाकी माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायची आमच्या साखऱ्या गावाची जुनी रीत आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आकडा मी दिला की तो आकडा.

चूक माझी एवढीच, की आमच्या भागात अल्बम एकाच गोष्टीचा निघतो, लग्नाचा, हे मी विसरलो. एकोणसत्तर वर्षांचा माणूस पारावर उठून "पंधरा दिवसांत अल्बम काढतो, कोण काय म्हणंल त्याची मला पर्वा न्हाई" असं छातीठोक म्हणाला, तर लोक काय समजणार? कशाचा अल्बम, असं एकानंही विचारलं नाही. कुठली हाय, एवढंच विचारत राहिले.

"दाजी," संतराम उंबऱ्याच्या आत न येता म्हणाला, "या वयात? आमची बहीण जित्ती असताना?"

"संतराम, अरे तसलं काही नाही. लेकरांसाठी करतोय मी अल्बम."

"म्हंजे लेकरं बी हायत?"

"हायत की. एकवीस."

आकडा विचारला की खरा सांगायचा, ही सवय नडते ती अशी. संतराम मटकन ओट्यावर बसला. जीपमधल्या एका म्हाताऱ्यानं मात्र माझ्याकडं जरा आदरानं पाहिलं.

आमच्या सौ. कमलबाई आतून तांब्या घेऊन आल्या. त्यांना खरी हकीकत ठाऊक होती, आणि त्यांनी ती सांगितली नाही. "मला आधी इचारलं असतं तर मीच पाह्यली असती की एखादी," त्या भावाला म्हणाल्या. "दोन हंडे उचलणारी. ह्यांनी निवडलेली काय कामाची?" आणि वर नऊ माणसांचा चहा टाकायला आत गेल्या.

तर खरी हकीकत अशी.

साखऱ्याच्या ओढ्यापलीकडं बंजाऱ्यांचा तांडा आहे. तांड्यावर एका खोलीची अंगणवाडी आहे आणि ती चालवणारी मीना तांड्याचीच लेक. बारावी शिकलेली, आवाज बारीक, जिद्द जाड. दिवाळी झाली की तांड्यातली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात आणि लेकरं आज्यांजवळ राहतात. आज्यांना वाटतं लेकरू डोळ्यापुढं असलेलं बरं. त्यामुळं पटावर एकवीस असली तरी अंगणवाडीत सात यायची.

मग कुठल्याशा संस्थेच्या पेटीतून मीनाला एक चित्रांचं पुस्तक आलं. बारा पानं. एका लाल बैलाच्या गळ्यातली घंटी हरवते आणि तो पानापानावर कुणाकुणाला विचारत फिरतो. अक्षर जवळपास नाहीच, सगळी चित्रं. त्या पुस्तकानं जादू केली. सातची सतरा झाली, सतराची एकवीस. पण पुस्तक एक, डोळे बेचाळीस. पुढच्या चौघांना बैल दिसायचा, मागच्यांना पुढच्यांची डोकी. ओढाओढीत कासव फाटलं, ससा फाटला, आणि घंटी सापडते ते शेवटचं पान रूपाबाईच्या शेळीनं खाल्लं. झेरॉक्सही करून पाहिली. सेनगावच्या झेरॉक्सवाल्याकडून बैल काळाकुट्ट होऊन आला आणि लेकरांनी त्याला म्हैस ठरवून नाकारला. पानं गेली तशी लेकरं गळायला लागली.

त्यातच वरून कळलं की पंचवीस तारखेला नव्या सुपरवायझर मॅडम येणार. पटावरची वीस लेकरं हजर दिसली तर ठीक, नाही तर तांड्याची अंगणवाडी उचलून गावातल्या अंगणवाडीत घालणार. म्हणजे चार वर्षांच्या लेकरांनी ओढा ओलांडायचा, मग ट्रकांचा रस्ता ओलांडायचा. एकही आजी पाठवणार नाही. मीना हे मला सांगत होती तेव्हा रडत नव्हती. ती फाटलेला ससा चिकटपट्टीनं जोडत होती आणि कान उलटा लागत होता.

"मीना," मी म्हणालो, "पुस्तक चार जणांना दिसतं. गाणं सगळ्यांना ऐकू येतं. आपण ह्या पुस्तकाचा गाण्यांचा अल्बम करू. पानाला एक गाणं."

"काका, तुमाला गाता येतं?"

या प्रश्नाला उत्तर देण्याइतका मी लहान माणूस नाही. मी सरळ पारावर गेलो आणि जाहीर केलं. पुढचं संतरामपर्यंतचं तुम्हाला कळलंच.

लग्न नाही हे पटल्यावर गावाची निराशा झाली. पण सल्ला द्यायला विषय मिळाला, त्यावर लोकांनी समाधान मानलं. पहिला आला आमचा शेजारी ग्यानबा. त्याची गल्लीत भजनाची बारी आहे, पेटी स्वतःची आहे आणि आवाज असा की माझ्या भिंतीच्या खुंट्या ढिल्या झाल्या आहेत. "इसंभर," तो म्हणाला, "चाल मी लावतो. तू फकस्त बैल सांग."

मी बैल सांगितला. ग्यानबानं आधी वंदन घेतलं. मग गुरूला वंदन. मग त्या गुरूच्या गुरूला. मग आलाप सुरू झाला. मी मोबाइल धरून बसलो होतो, हात बदलला, पुन्हा बदलला. बाविसाव्या मिनिटाला पहिल्यांदा 'बैल' हा शब्द आला आणि बॅटरी संपली.

"ग्यानबा, लेकरं चार वर्षांची आहेत. बैल यायच्या आत पाच वर्षांची होतील."

"मंग काय बैलाला गाडीखाली ढकलू? सूर म्हंजे काय एसटी हाय का, दोन घंट्या दिल्या की निघाली!"

ग्यानबा त्यानंतर तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्या तीन दिवसांत खुंट्या मी पक्क्या ठोकून घेतल्या.

दुसरा गोपीचंद. याचा कनेरगाव नाक्यावर एका ढाब्यामागं फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या बातमीवर तोच सगळ्यात आधी धावत आला होता, चाळीस पानी चमकत्या कव्हरचा नमुना काखेत मारून. माझा खुलासा ऐकून तो अजिबात खचला नाही. "काका, ऑडिओ बी करतो ना आपण. वरातीची गाणी सगळी माझ्याचकडं बनतात. तुमी फक्त या."

मी गेलो. स्टुडिओच्या भिंतीला अंड्यांचे रिकामे ट्रे ठोकले होते. आवाज घुमू नये म्हणून, असं गोपीचंदनं सांगितलं. अंडी ढाब्यावर गेली होती, वास मात्र इथंच राहिला होता. मी काचेसमोर उभा राहून, डोळे मिटून, मन लावून गायलो. गाणं थांबल्यावर डोळे उघडले तर ढाब्यावरची दोन माणसं पिशव्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. त्यांना वाटलं हिंगोली गाडी लागली.

"काका," गोपीचंद म्हणाला, "तुमी गाऊन राहिले का स्टॉप सांगून राहिले?"

अपमान गिळायचा कसा, हे चौतीस वर्षांत महाराष्ट्र शासनाच्या खर्चानं शिकलेलो आहे. मी म्हणालो, "तुला जमेल तसं नीट कर." त्यानं नीट केलं. माझ्या आवाजाखाली ढोल घातला, ढोलाखाली आणखी एक ढोल घातला, आणि 'घंटी' हा शब्द असा घुमवला की तो एकदा म्हटला की कनेरगावच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचा. शिवाय दर अर्ध्या मिनिटाला एक भरदार आवाज: "गोपीचंद फोटो अँड व्हिडिओ, कनेरगाव नाका! लग्न, मुंज, बारसे!"

हे गाणं मी मोबाइलवर तांड्यात वाजवून दाखवलं. लेकरं नाचली. इतकी नाचली की धुरळ्यात मीना दिसेना. मी कृतार्थ झालो. नाचून झाल्यावर मीनानं विचारलं, "सांगा बरं, गाण्यात काय व्हतं?"

सगळी एका सुरात ओरडली, "लग्न, मुंज, बारसे!"

बैल कुणालाच भेटला नव्हता. दुसऱ्या दिवशी अकरा लेकरं आली, तिसऱ्या दिवशी नऊ. पंचवीस तारीख आठ दिवसांवर होती.

गावात आता माझ्या बाजूनं कुणी उरलं नव्हतं. पलीकडच्या गल्लीतल्या मंजुळाबाईनं तर दळण घेऊन जाताना मला चारचौघांत उभं केलं. तिची घरची बावीस एकर जमीन, बोलण्यातही तेवढाच ऐसपैस कारभार. "कंडक्टर, तांड्यातल्या लेकरायसाठी एवढा जीव काहून काढून राहिले? आपल्या गावात लेकरं न्हाईत का? माझा नातू रुद्र हाय ना, त्याच्यासाठी कधी केलं का एखादं गाणं?"

"मंजुळाबाई, तुमच्या रुद्रला अंगणवाडी आहे. ती कुणी बंद करत नाही."

"पण गाणं तर न्हाई ना!" असं म्हणून ती दळण घेऊन गेली. हे उत्तर मला त्या दिवशी बिनडोक वाटलं होतं.

घरी आलो तर कमलबाई म्हणाल्या, "सोडा आता. लई झालं." याच बाईंनी मला एकोणीसशे एक्याऐंशी साली कंडक्टरकीही सोडा म्हणून सांगितलं होतं, पहिल्याच आठवड्यात. मी तेव्हाही सोडली नव्हती. एकदा गाडी निघाली की मधे रानात उतरायचं नाही, हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "तेव्हा बी गाडी पंचर झाली व्हती." हे खरं आहे, पण मुद्द्याला धरून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तांड्यात गेलो. अंगणवाडीच्या पायरीवर रूपाबाई ऊन खात बसली होती. वय तिला विचारू नये. माझ्या बसमध्ये ती पहिल्यांदा बसली तेव्हाही म्हातारीच होती. शेळी शेजारी. शेवटचं पान जिच्या पोटात होतं तीच.

"कंडक्टर," रूपाबाई म्हणाली, "तुजा बैल गावचा हाय. तांड्यातल्या लेकरायला वळख न्हाई त्याची. आमच्यात बळद म्हनतेत. माजा आजा हजार बळदायचा तांडा घेऊन फिरला. म्होरल्या बळदाच्या गळ्यात घंटी. ती वाजली की मागचे चालनार. अन् ती हरवली तर कुनाला इचारायचं? सशाला? कासवाला? येडा हाय का तू?"

"पुस्तकात तसंच आहे, रूपाबाई."

"पुस्तक शेळीनं खाल्लं. घंटी घरीच कुठंतरी ऱ्हाती. घरोघरी पाहायचं." आणि तिनं मांडीवर थाप मारत, एकही दात नसलेल्या तोंडानं, तिथल्या तिथं धरलं:

"बळदा रे बळदा, घंटी कुठं?
काहून रुसली, गेली कुठं?
ह्या घरी न्हाई, त्या घरी न्हाई,
रणजीतच्या घरी वाजते बाई!"

रणजीत हा तिथंच धुळीत बसलेला साडेचार वर्षांचा गडी. आपलं नाव गाण्यात आलेलं ऐकून तो उभाच राहिला. जागेवरून हलेना. मग त्याची धाकटी बहीण कोमल रूपाबाईचा पदर ओढायला लागली, "माझं? माझं?" रूपाबाईनं दुसऱ्यांदा घंटी कोमलच्या घरी वाजवली. घर तेच होतं, पण त्यानं कुणाचं बिघडलं नाही.

मी मोबाइल काढला. या खेपेला पेटी नाही, ढोल नाही, अंड्याचे ट्रे नाहीत. रूपाबाई गात होती, मी मधूनमधून पत्र्याच्या डब्यात खडा वाजवत होतो, लेकरं 'बाई'ला ओरडत होती आणि तीन ठिकाणी शेळीनंही सूर दिला. पटावरचं एकही नाव वगळायचं नाही, असं मीनानं बजावलं होतं. एकवीस नावं, एकवीस कडवी. उरलेल्या पानांची चार छोटी गाणी आणखी केली, कावळ्याचं, कोल्ह्याचं, पण खरं गाणं हेच. अल्बम दोन दिवसांत पुरा झाला. 'काहून' बदलून 'का बरं' करा म्हणजे शुद्ध होईल, असं गोपीचंदनं फोनवर सुचवलं. मी म्हटलं, तू तुझे फोटो शुद्ध कर.

आता मोबाइलचा आवाज एकवीस लेकरांना पुरेना. मीना म्हणाली, "काका, स्पीकर हाय ना आपल्याकडं." तिनं लोखंडी कपाट उघडलं. खरंच, खोक्यात एक नवाकोरा स्पीकर होता. दोन वर्षांपूर्वी आलेला. त्यावर लाखेचं सील. रजिस्टरला नोंद: 'एक नग, सीलबंद, सुस्थितीत.' सील काढलं की तो सीलबंद राहणार नाही आणि नोंद खोटी पडेल, म्हणून आजवर कुणी हात लावला नव्हता.

मी रीतसर अर्ज घेऊन हिंगोलीला गेलो. ऑफिस कोणतं ते सांगत नाही, तिथल्या माणसाचा दोष नाही. खुर्चीवरच्या साहेबांनी अर्ज वाचला. "विषय, चित्रपुस्तकावर आधारित अल्बम. म्हणजे पिक्चर काढताय?"

"पिक्चर नव्हे साहेब. पिक्चरचं पुस्तक. त्याचा अल्बम."

"मग फोटो जोडा. पासपोर्ट साइझ, दोन."

"बैलाचे?"

त्यांनी अर्ज उलटा करून मागची बाजूही पाहिली. मग म्हणाले की सील ज्यांनी लावलं त्यांचीच ते काढायला लेखी संमती लागेल. ज्यांनी लावलं ते सेवानिवृत्त झालेत. मग त्यांचा सेवानिवृत्तीचा दाखला जोडा. आणि सील नैसर्गिक कारणानं तुटलं तर? "तर प्रश्नच नाही," साहेब म्हणाले. "नैसर्गिक कारणाला अर्ज लागत नाही."

हे सगळं मी घरी येऊन सांगितलं. कमलबाईंनी शांतपणे ऐकलं, विळा पदराखाली घेतला आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याबरोबर तांड्यावर आल्या. कपाट उघडून त्यांनी एका हिसक्यात सील कापलं आणि मीनाला म्हणाल्या, "लिव. उंदीर."

त्या दिवसापासून अंगणवाडीत रोज सकाळी दहाला गाणं वाजायला लागलं. जे लेकरू यायचं नाही त्याच्या नावाचं कडवं नुसतं वाजून जायचं, आणि संध्याकाळी बाकीची त्याला सांगायची, तुझ्या घरी आज घंटी वाजली, तू नव्हतास. दुसऱ्या दिवशी ते लेकरू दहाच्या आधी दारात. तीन दिवसांत एकवीसच्या एकवीस. कंडक्टरला हे उशिरा कळलं, की त्यानं गाणं केलंच नव्हतं. त्यानं हजेरीपटाला चाल लावली होती.

आवाज ओढ्याच्या दोन्ही काठांच्या शिवारात जायचा. दुसऱ्या दिवसापासूनच गावातली पाच-सहा लेकरं तिकडं दिसायला लागली, आज्यांचा डोळा चुकवून आलेली. त्यात मंजुळाबाईचा रुद्र. मागं भिंतीला टेकून बसायचा. गाणं संपलं की विचारायचा, "माझं नाव?" पटावर नाही म्हणून गाण्यात नाही, हे चार वर्षांच्या माणसाला सांगून पाहा. मला जमलं नाही.

चोवीस तारखेच्या दुपारी ऊसतोडीच्या मुकादमाचा टेम्पो आला. रणजीतची आई आजवर कशीबशी थांबली होती, ती निघाली. लेकरांना ठेवायला आजी नव्हती. रणजीत आणि कोमल टेम्पोत कडब्यावर बसले. रणजीत जाताना ओरडून मला गाणं म्हणून दाखवत होता, फक्त आपलंच कडवं, पुन्हा पुन्हा. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तरी 'बाई' ऐकू येत होतं.

एकवीस वजा दोन किती, हे मीनानं मला विचारलं नाही.

पंचवीस तारखेला मॅडम आल्या. कोल्हापूरकडच्या, उंच, बोलायला सरळ, आमच्या भागात महिनाभरापूर्वीच बदलून आलेल्या. अंगणवाडी गच्च भरलेली. दाराशी ग्यानबा होता, राग विसरून तमाशा पाहायला आलेला. मॅडमनी नजर फिरवली. "वा! पंचवीस-सव्वीस तरी आहेत."

मीनानं स्पीकर लावला. गाणं सुरू झालं. ज्याचं नाव यायचं ते लेकरू उभं राहायचं, 'बाई' म्हणून उडी मारायचं आणि बसायचं. मॅडम हसायला लागल्या आणि पटावर पेन्सिलीनं खुणा करायला लागल्या. सात, आठ, नऊ. मग गाण्यात आलं, रणजीतच्या घरी वाजते बाई. कुणी उठलं नाही. मग कोमलच्या घरी. कुणी उठलं नाही. डब्यातला खडा तेवढा वाजला.

ग्यानबा माझ्या कानाला लागला, "अरे, गावातली दोन उभी कर ना! कोन वळखतंय?"

मी उभ्या आयुष्यात खूप खोटं बोललोय. माझ्या बसमध्ये एकदा बिबट्या सेनगावला उतरला, हे मी दहा गावांत सांगितलंय. पण दुसऱ्याच्या पासवर मी आजवर कुणाला बसू दिलेलं नाही, सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा. संतरामचा राग खरा तिथला आहे.

गाणं संपलं. मॅडमनी विचारलं, "काका, मागची लेकरं पटावरची नाहीत ना? किती झाली बरोबर?"

मीना माझ्याकडं बघत होती. कमलबाई बघत होत्या. शेळीसुद्धा.

"एकोणीस," मी म्हणालो.

मॅडमनी पेन्सिल ठेवून पेन काढला. त्याच वेळी बाहेर ओरडा झाला आणि मंजुळाबाई तरातरा आत आली. "कुठं हाय ते पोरगं? सकाळधरनं शोधून राहिले मी!" रुद्रनं मागच्या खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले. तिनं ओढलं. तो आडवा झाला, पण गज सोडेना.

"दोन दिस झाले जेवला न्हाई मेला!" ती कुणाला उद्देशून नाही अशी सगळ्यांना म्हणाली. "म्हंतो माझं नाव गाण्यात न्हाई. लिवा बाई याचं नाव! लिवून टाका एकदाचं, अन् गाणं म्हना, अन् मला जाऊ द्या!"

मॅडम म्हणाल्या, "आजी, नाव असं घेता येत नाही. मूल या हद्दीत राहणारं हवं. हा राहतो कुठं?"

"आखाड्यावर," मंजुळाबाई म्हणाली.

आता आमच्याकडं आखाडा म्हणजे शेतातलं घर, हे हिंगोलीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोल्हापूरकडं त्याचा अर्थ वेगळा होतो, हे मला मॅडमचे डोळे चमकले तेव्हा कळलं.

"एवढंसं मूल? आखाड्यावर?"

"दिवाळीपास्नं तिथंच हाय. आजा ऱ्हातो ना याचा तिथं, त्याच्यापाशी."

"आजोबा स्वतः लक्ष घालतात? आणि हा काय करतो तिथं?"

"काय करनार? मातीत लोळतो दिसभर."

"व्यायाम?"

"डुकरायच्या मागं पळतो की. हरभऱ्यात घुसतात ना."

मॅडमनी भिवया उंचावल्या. "खुराक काय?"

"दूध. म्हशीचं. अस्सं काढलं की तस्सं पितो."

"लंगोट बांधतो?"

मंजुळाबाईला हा प्रश्न जरा घरगुती वाटला. "बांधला तर बांधतो," ती म्हणाली, "न्हाई तर तसाच ऱ्हातो."

"आणि आखाडा ओढ्याच्या या बाजूला आहे?"

"इथून दिसतो. तिथून गाव लांब पडतं, हे जवळ."

यातला शब्द न् शब्द खरा होता. मी फक्त गप्प राहिलो. मीना खाली मान घालून ओठ चावत होती आणि ग्यानबानं उपरणं तोंडात कोंबलं होतं. मॅडमनी पट पुढं ओढला, बाविसावं नाव लिहिलं आणि त्यापुढं हजेरीची विसावी खूण केली. राहणार, आखाडा. मग शेऱ्याच्या रकान्यात बरंच काही लिहिलं. रूपाबाईनं कुणी न सांगता मांडीवर थाप मारली, आणि घंटी रुद्रच्या आखाडी वाजली. रुद्रनं गज सोडले.

अंगणवाडी राहिली. मंजुळाबाई आता रोज सकाळी नातवाला सोडायला येते आणि रूपाबाईजवळ पायरीवर बसून तिच्या शेळीला नावं ठेवते. ही गोष्ट इथं संपली असती, पण मॅडमनी शेऱ्यात नेमकं काय लिहिलं ते आम्हाला फाल्गुनात कळलं. दुपारी एकच्या सुमारास तांड्यात एक ट्रक आला. त्यात निळी-पिवळी, घडी घातलेली, पाच माणसांना उचलेना अशी कुस्तीची मॅट होती. सोबत कागद: 'बालमल्लांच्या प्रोत्साहनार्थ.'

ड्रायव्हर घाम पुसत म्हणाला, "वस्ताद कोण हाय इथं? सही पाहिजे."

मीनानं माझ्याकडं पाहिलं. माझं वजन बावन्न किलो आहे, गुडघे दोन्ही गेलेले. मी पुढं झालो आणि सही केली.

"पट्ठे कुठायत?" त्यानं आत डोकावून विचारलं.

आत वीस जण एका ओळीत, तोंडाला खिचडी लागलेली, गाढ झोपले होते.

"काका," मीना हळूच म्हणाली, "आता तपासायला कुनी आलं तर कुस्ती दाखवावी लागंल."

"दाखवू," मी म्हणालो. "लेकरं उठू दे."